तिकडच्या बाईंची शोकसभा

लेखकांवर आमच्या आत्याइतका जीव लावणारं माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात सापडायचं नाही, आणि गंमत अशी की त्यातला एकही लेखक बीड जिल्ह्यातला नाही. सगळे तिकडचे. तिकडं म्हणजे युरोपाच्या वरच्या अंगाला, बर्फात, समुद्रानं वेढलेला एक एवढासा देश. त्याचं नाव आत्याच्या जिभेवर नीट बसत नाही, म्हणून आमच्या घरात त्याला नुसतं 'तिकडं' म्हणतात. आत्या सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. रिटायर होताना इतरांना भिंतीवरचं घड्याळ मिळतं. आत्याला कुणीतरी, भेट वजनदार दिसावी म्हणून, त्या देशातल्या लेखकांच्या चरित्रांचा मराठीत आलेला जाडजूड ग्रंथ दिला. देणारा विसरून गेला. आत्या मात्र त्या ग्रंथात राहायलाच गेली.

तिनं तो केसपेपर वाचावा तसा वाचला. कुणी कोणती कादंबरी लिहिली हे तिला एखादवेळ आठवणार नाही, पण कुणाला दमा होता, कुणाची दारू सुटत नव्हती आणि कुणाच्या बायकोनं बाळंतपणांवर बाळंतपणं काढून वर नवऱ्याच्या कविता चांगल्या अक्षरात उतरवल्या, हे तोंडपाठ. आमच्या तेलगावात भाजी घेता घेता ती शेजारणीला सांगायची, "तिकडचा तो पाद्री, लई गुणाचा कवी. पण छातीत कफ. बर्फात उघड्या डोक्यानं कशाला हिंडावं माणसानं?" शेजारीण मनापासून हळहळायची. तिला वाटायचं, पाद्री धारूरकडचा असेल. आत्याचं म्हणणं एकच, की तिकडं लेखक हा काही निराळा माणूस नसतो. "कुणी मेंढ्या राखतो, कुणी पोस्टात हाय, आन सांजच्याला घरी येऊन लिवतो. तू बी लिव."

हा 'तू' म्हणजे मी. शाळेत उभं राहून वाचायची वेळ आली की माझी दातखीळ बसायची. आठवीत शाळाच सुटली. आता घरापासून लांब, गुजरातेत वेरावळला, मासळीच्या शीतगृहात काम करतो. ग्रंथातली आत्याची सगळ्यात लाडकी लेखिका तरुणपणी मासे साफ करायची, त्यामुळे आत्याच्या हिशेबी माझं निम्मं काम झालेलंच होतं. फोनवर ती आधी विचारायची, "बोटं हालतेत का?" मी हो म्हटलं की लगेच, "मग लिवलंस का?"

ग्रंथातली ती मासेवाली लेखिका एकटीच अजून हयात होती. मी सुट्टीवर गावी आलो होतो, तेव्हा आत्याला मोबाइलवर तिचा फोटो दिसला. अंगात काळे कपडे, डोळे मिटलेले, भोवती फुलंच फुलं आणि पुढं जळती मेणबत्ती. खाली तिकडच्या भाषेत चार ओळी. आमच्याकडं फुलं-मेणबत्ती दिसली की खालचा मजकूर कुणी वाचत बसत नाही. चप्पल घालून निघतं. आत्या त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला: भावपूर्ण श्रद्धांजली, शोकाकुल समस्त तेलगावकर. संध्याकाळी समाजमंदिरात शोकसभा. आणि मला हुकूम, "चार शब्द लिहून वाचायचे. तुझंच काम केलेली बाई होती."

दुपारभर बसून मी लिहिलं. गार मासळीत बोटं आधी दुखतात, मग दुखायची थांबतात, आणि थांबली की खरी भीती वाटते. हे त्या बाईंना माहीत असणार. एवढंच. सभेला गाव जमलं. फोटोला हार घातला, मेणबत्ती लावली. मी कागदाची घडी उघडली. मी उठणार तेवढ्यात मागच्या रांगेतून शाळेचे गुरुजी मोबाइल नाचवत ओरडले. त्यांनी खालचा मजकूर मोबाइलमधूनच मराठीत करून घेतला होता.

"ओ सिस्टर, थांबा! बाई जित्ती हाय! वाढदिवस हाय तिचा, मेणबत्ती फुंकायलीय!"

समाजमंदिर खदाखदा हसलं. "सिस्टर, इंजेक्शन तुमीच दिलतं का?" कुणीतरी विचारलं. मला आत्याकडं बघवेना. आत्या शांतपणे उठली, फोटोवरचा हार काढला, पदरानं काच पुसली आणि म्हणाली, "सारी नोकरी झाली, नाडी बघितल्याबिगर कुणाला मेलं म्हणले न्हाई. हितंच चुकले. जा रे कुणीतरी, पेढे आणा."

सुटलो, असं वाटून मी कागद खिशात सारला.

"तू कुठं चाललास? वाच."

"आत्या, आता कशाला? ती जित्ती हाय की."

"म्हणूनच म्हणते. मेलेल्यापुढं पुटपुटलं तरी चालतंय. आता मोठ्यानं वाच."

मी वाचलं. मध्ये दोनदा आवाज गेला, दोन्ही वेळा आत्यानं नुसती मान हलवली. संपेपर्यंत कुणी उठलं नाही. पेढ्यांसाठी थांबले असतील. मी तसं समजत नाही.

फ्लेक्सवरची श्रद्धांजली कापून टाकून आत्यानं बाईंचा तेवढा चेहरा शेतातला कापूस झाकायला ठेवला. आता आत्या थकलीय, भाजीलाही जात नाही. घरून मोबाइलवर कुठलाही फोटो आला की मी आधी फुलं आहेत का ते बघतो, माणूस नंतर. काल फोन केला तर आवाज फार लांबून आल्यासारखा वाटला. बोटांचं मात्र विचारलंच.

हलतायत, आत्या. म्हणून फुलांची वाट न बघता हे आत्ताच लिहून काढलं. आता फोन लावतो. तिला हल्ली कमी ऐकू येतं, मोठ्यानं वाचीन.