व्ही आणि के

फाल्गुनातल्या एका दुपारी अकोला स्टेशनात एकच रिकामा मालडबा उरला आणि तो कोणाला मिळायचा, हे इंग्रजी शब्दांच्या खेळावर ठरले. एका बाजूला मुंबईच्या पेढीचा कारकून होता. दुसरा माझ्या रोजच्या ओळखीचा, तेल्हाऱ्याच्या शेतकऱ्यांच्या कापसाच्या गाठी पाठवणारा कारकून. आभाळ भरले होते आणि भिजलेली गाठ कोणी घेत नसे.

इंग्रज स्टेशनमास्तर दोन अक्षरे सांगत. ती दोन्ही असलेले शब्द आळीपाळीने सांगायचे; अडला तो हरला.

आमचा कारकून वैदिक घराण्यातला. घरी जटापाठ म्हणत, तशी तो गाठींवरची इंग्रजी अक्षरेही रस्त्याने उलटसुलट म्हणत जाई.

त्या दिवशी 'व्ही' आणि 'के' आली. मुंबईकर म्हणाला, "प्रव्होक." आमचा म्हणाला, "रिव्होक." मुंबईकराने लगेच "इव्होक" सांगितले.

आमच्या कारकुनाने डोळे मिटले आणि तो डोलू लागला. "व्ही-के, के-व्ही, व्ही-के..."

"अहो महाराज, पाठ काहून म्हणून राहिले?" तेल्हाऱ्याचे पाटील ओरडले. "आभाय पाहा ना!"

"त्याच्यातूनच निघते, पाटील. दम धरा." मग त्याने डोळे उघडले. "इन्व्होक!"

"म्हंजे काय?" पाटलांनी विचारले.

"आवाहन."

मुंबईकराने दोनदा तोंड उघडले आणि मिटले. साहेबांनी डब्याकडे बोट केले.

"चढवा रे गाठी!" पाटील गरजले. "आपल्या महाराजानं डबा जितला!"

डब्याचे दार लागल्यावर पाऊस आला. तेल्हाऱ्याच्या सगळ्या गाठी कोरड्या गेल्या.