लुंबिनीच्या वाटेवर उतरवलेली खुर्ची

आबांची चाकांची खुर्ची बसच्या टपावरून मीच उतरवली होती. रॉकेलचा वास आला की नव्वदच्या दशकातली ती पहाट आठवते. उसाच्या ट्रॉलीवरून पडून वडिलांचे, आबांचे, पाय गेले होते आणि पणदऱ्याहून आमच्या वस्तीची बस नेपाळात लुंबिनीला निघाली होती. टपावर स्टोव्ह, पातेली, पिठाची पोती चढत होती. सगळ्या वस्तीदेखत परमुलखात खुर्ची ढकलत फिरायची मला लाज वाटली, म्हणून टपावर चढवलेली खुर्ची मी खाली उतरवली आणि ‘ड्रायव्हर नको म्हणतोय’ असं आबांना खोटंच सांगितलं. लुंबिनीत पोचल्यावर मी त्यांच्यापुढं वाकलो. “आबा, बसा पाठीवर.” “बुद्धाच्या दारात लेकाच्या पाठीवर वझं हून जाऊ व्हय? तू जा. माज्या वाटचं बी हात जोड.” काचेला कपाळ टेकून ते बसमध्येच राहिले. परत आलो तर म्हणाले, “ड्रायव्हरला काय बोलू नगंस. त्याची बी अडचण आसंल.” गेल्या महिन्यात त्यांचं अंथरूण बदलताना मी अखेर तोंड उघडलं, “आबा, ड्रायव्हर काय बी म्हनला नव्हता. मलाच तुमची लाज वाटली. माफ करा.”