त्याच्या हातातली बांगडी

मला माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, कारण मी ते बघतच नाही. तिसगावच्या बाजारात मी खालेच्या शेजारी बसून बांगड्या भरते. खाला म्हणजे माझ्या आईची बहीण, तिनंच मला वाढवलं. समोर बाई बसली की तिचा हात मी हातात घेते आणि माझी मान जी खाली जाते ती वर येत नाही. मग हातच बोलतात. खुरपणीचे हात, भाकरीच्या चटक्यांचे हात, नव्या नवरीचे घाबरलेले हात. चौथीनंतर माझी शाळा सुटली. घरात आमची बोली निराळी आहे, पण शाळा मराठी होती, म्हणून लिहायला बसलं की मराठीच येतं. ही वही कुणाला दाखवायची नाही.

त्या दिवशी खाला नमाजेला गेली होती. उन्हं कलायला लागली होती. दोरीवर टांगलेल्या बांगड्यांतून ऊन खाली यायचं आणि चादरीवर हिरवे, लाल, जांभळे डाग हलायचे. त्या डागांत एक हात आला. पुरुषाचा.

"आईला बांगड्या पायजेत," तो म्हणाला. "ती कोल्हारकडं हाय, तोडीला. ऊस तोडता तोडता हुत्या त्या सगळ्या फुटल्या."

"माप?" मी विचारलं.

"माप न्हाई आनलं. पन आईचा हात माझ्याएवढाच हाय. लई रुंद झालाय."

त्यानं चार बोटं जुळवून हात पुढं केला. आमच्यात बायकांना बांगड्या भरायला पुरुष बसतात, ते चालतं. पण बाईनं पुरुषाच्या हातात बांगडी भरायची, असं कुणी ऐकलंही नसेल. मी आजूबाजूला पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं. एक डझन सोडलं, हिरवं, बारीक सोनेरी ठिपक्यांचं, आणि त्यातली एक त्याच्या बोटांवर चढवली. हात खरखरीत होता, पण बाईच्या हातासारखाच सैल सोडला होता त्यानं. मला वाटलं होतं पुरुष हात आवळेल. बांगडी बोटांच्या सांध्यांशी अडली. मी अंगठा दाबून ती पुढं सरकवत होते. बाजाराचा आवाज कुठंतरी लांब गेला होता, विहिरीच्या तळातून यावा तसा येत होता. ते किती वेळ चाललं ते मला सांगता येणार नाही. कधी वाटतं एक श्वासभर, कधी वाटतं सगळी दुपार.

मग रस्त्यावर धडाका झाला.

एक म्हातारी आडवी पडली होती. तिच्या पिशवीतली वांगी घरंगळत चालली होती. तिला उडवणारी मोटरसायकल शेवगावच्या रस्त्याला लागून निघूनही गेली. पंचवीस-तीस माणसं उभी होती. सगळी एकमेकांकडं बघत होती, जणू पहिलं पाऊल दुसऱ्या कुणाचं ठरलेलं होतं. मीही बसूनच राहिले. माझ्या हातातून तेवढा तो हात निसटला आणि तो पळत गेला. बांगडी त्याच्या सांध्यांवर अडकलेली तशीच.

त्यानं म्हातारीला उचललं, चहाच्या टपरीच्या सावलीत बसवलं, पाणी पाजलं. म्हातारी भांबावल्यासारखी बघत होती. त्याच्या पांढऱ्या शर्टावर रक्त लागलं होतं. तेवढ्यात तिचा मुलगा धावत आला आणि त्यानं ते रक्त पाहिलं.

"कुनी उडवली माझ्या आईला?"

"पांढरा शर्ट हुता," टपरीवाला म्हणाला.

"व्हय व्हय, पांढराच," दुसरा म्हणाला.

"ह्योच हुता! म्या डोळ्यांनी बघितला."

"न्हाई ओ, मी तिथं बांगड्या घेत हुतो," तो म्हणाला. "त्या ताईंना इचारा."

ताई म्हणाला म्हणून क्षणभर मला वाईट वाटलं. तशा वेळी मला वाईट कशाचं वाटलं, तेही लिहून ठेवते.

"बांगड्या? तू भरनार का काय?" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले.

मी मान खाली घातली. सांगायचं तर हेही सांगावं लागणार की मी त्याचा हात धरला होता. आणि त्याहून विचित्र गोष्ट अशी की इतके लोक इतक्या खात्रीनं बोलत होते, की मलाही तो मोटरसायकलवर दिसायला लागला. पांढरा शर्ट वाऱ्यानं फुगलेला, मागं धूळ. धडाका झाला तेव्हा त्याची बोटं माझ्या मुठीत होती, तरीही मला तो तिथं स्वच्छ दिसला.

तेवढ्यात थप्पड वाजली. म्हातारीच्या मुलानं मारली होती.

मी उठले. हातात ते सुटं डझन होतं. पाय कसे चालले माहीत नाही, गर्दी पाण्यासारखी बाजूला झाली. म्हातारीच्या लुगड्याच्या घडीत काचेचे हिरवे तुकडे पडले होते. ती विधवा, तिच्या हातात बांगड्या नव्हत्याच. मी तुकडे उचलले, माझ्या बांगड्यांशेजारी धरले. तेच सोनेरी ठिपके.

"ही माझी काच आहे," मी म्हणाले. "धडाका झाला तेव्हा मी त्यांच्या हातात बांगडी भरत होते. या अकरा राहिल्या. बारावी तुमच्या आईला उचलताना फुटली. त्यांचा हात बघा."

मुलानं त्याचा हात धरून उलटा केला. सांध्यांवर अर्धगोल कापलं होतं. शर्टावरचं रक्त त्याचंच होतं.

"गड्याच्या हातात बांगडी!" एक बाई पदर तोंडाला लावून म्हणाली. "आन् भरनारी कोन बघा!"

कुणी फार हसलं नाही. मुलगा खाली बसला आणि त्यानं तोंड झाकलं. टेम्पो आला. म्हातारीला नगरच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन तोच बसला, थप्पड खाल्लेला. टेम्पो वळला तेव्हा त्याचा चेहरा बघायला मी पहिल्यांदा मान वर केली. पाठ दिसली फक्त.

आता सहा-सात वर्षं झाली. टपरीवाला छाती ठोकून सांगतो, "मी तर पहिल्यापासनं म्हनत हुतो, ह्यो न्हवं." तो खोटं बोलत नाही, त्याला खरंच तसं आठवतं. खाला तर तिथं नव्हतीही, पण बायकांना रंगवून सांगते, "मुलानं हात उचलला आणि आमची पोर मधी जाऊन उभी राहिली! थप्पड हवेतच राहिली बघा."

ऐकून ऐकून मलाही तसंच दिसायला लागलंय. मी मधे उभी आहे, हात वरच्या वर थांबलाय, तो माझ्याकडं बघतोय. त्याला चेहराही आलाय, छान आहे. रोज थोडा थोडा खरा होतोय.

म्हणून आज लिहून ठेवते. थप्पड आधी वाजली. मी नंतर उठले.