परत न आलेले पेशंट

"मग पुढे काय झालं?" असं विचारून मॅडम चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत गप्प बसायच्या. तुम्ही पाहिलेले डॉक्टर बहुधा उलटे असतील. आपलं सांगणं पुरं व्हायच्या आत त्यांची चिठ्ठी लिहून होते. आमच्या मॅडमही पूर्वी तशाच होत्या. शनवारा भागातल्या त्यांच्या मोठ्या दवाखान्यात मी एक्स-रे काढायचो, त्यामुळे आधीच्या आणि नंतरच्या, दोन्ही मॅडम मला ठाऊक.

मधे घडलं ते असं. पंचेचाळिशी उलटल्यावर त्यांना एक फेलोशिप मिळाली. निदानातल्या चुका कशा कमी करायच्या आणि आपल्या दवाखान्याला त्या वाटेला कसं लावायचं, हे शिकायला वर्षभर अधूनमधून दिल्लीला जायचं. बाकी काम इथंच. या वयात कसली शाळा, म्हणून आमचे मोठे सर्जनसाहेब हसले.

पहिल्या खेपेहून मॅडम परत आल्या. चहा घेताना मला म्हणाल्या, "भाऊ, तिथं विचारलं, तुमचे जे पेशंट परत आले नाहीत त्यांचं काय झालं? मी म्हटलं, बरे झाले असतील. कोणी हसलंसुद्धा नाही."

दुसऱ्या दिवसापासून अशा पेशंटांची विचारपूस सुरू झाली. फोन लागला नाही तर मॅडम स्वतः निघायच्या, सोबतीला मी. जवळच्या बहादरपूर गावात केळीवाल्यांच्या घरातली एक सून होती. अशक्तपणा आहे म्हणून मॅडमनीच तिला टॉनिक देऊन घरी पाठवलं होतं. आम्ही गेलो तेव्हा ती खाटेला खिळलेली.

"उन्हात काम करते ना, म्हणून काळी पडली," सासू सांगत होती. "आणि नमक तर मुठीनं खाते, मॅडम. रोकलं तरी ऐकत नाही."

मॅडमनी सुनेला तोंड उघडायला सांगितलं. हिरड्याही काळवंडल्या होत्या. हिरड्यांना ऊन कुठून लागणार? तिला आमच्याच गाडीत घालून आणलं. तपासण्यांत निघालं की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी जवळजवळ बंद पडल्या होत्या; काळेपणा आणि मिठाची हाव त्यामुळेच. आणखी उशीर झाला असता तर ती हाती लागली नसती. योग्य औषध सुरू झालं आणि थोड्याच दिवसांत ती वॉर्डच्या आरशासमोर उभी राहून स्वतःची वेणी घालू लागली.

मॅडमनी सगळ्या डॉक्टरांची बैठक बोलावली आणि ही हकीकत सांगितली, टॉनिकासकट. शिकाऊ डॉक्टरांसमोर हे कशाला, असं सर्जनसाहेब चिडून म्हणाले.

"तिच्या घरच्यांना माहीत आहे, सर," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "माहीत नव्हतं ते आपल्यालाच."

 पण पुढच्या बैठकीला साहेबांनी स्वतःची एक चुकलेली केस आणली, आणि मग बाकीच्यांनाही तोंड फुटलं.

फेलोशिप संपली तसं जिल्ह्याजिल्ह्यांतल्या डॉक्टरांना हेच शिकवायला मॅडमना भोपाळचं बोलावणं आलं. निरोपाच्या दिवशी भाषणं चालू असताना त्यांना खिडकीतून फाटकापाशी जैनाबादचा एक म्हातारा दिसला. कधीकाळी गुडघे दाखवायला आलेला, नंतर न फिरकलेला. त्या सरळ उठून चालू लागल्या. मीही मागोमाग गेलो.

म्हातारा लाजत सांगत होता की त्यांच्या औषधानं काही फरक पडला नाही, आता दुसऱ्या डॉक्टरचं चालू आहे आणि बरं वाटतंय. आणि गळ्यातला झेंडूचा हार तसाच ठेवून, त्याच्यासमोर उकिडव्या बसून, मॅडम मोठ्या आनंदानं त्या दुसऱ्या डॉक्टरचं नाव विचारत होत्या.