हेमांगीच्या शोधाचा भाव

घाटकोपरच्या असल्फ्यात राहणाऱ्या हेमांगी घाडीच्या नावावर जन्मात एकच मोठी गोष्ट जमा होती, एक पेटंट. बाप गिरणीत खपला, लेक इंजिनीअर झाली आणि नोकरीत असताना तिने वायरलेस यंत्रांची बॅटरी वाचवायची युक्ती काढली. पंधरा वर्षांपूर्वी ती युक्ती मानकात गेली. मानक म्हणजे सगळ्या कंपन्यांनी मिळून ठरवलेली एकच रीत. ती सोडून यंत्र बनवलं तर कुत्रं विचारत नाही. म्हणूनच पेटंटवाल्याकडून आधी लिहून घेतात, की सगळ्यांना वाजवी दरात परवाना देईन. लिहून काय, घेतात हो! शोध तिचा असला, तरी पेटंटची मालकी कंपनीची; पुढे कंपनीने ते विकलं आणि नव्या मालकाने असा दर लावला, की अंधेरीत पाण्याचे वायरलेस मीटर बनवणाऱ्या सुयोगची वाट लागली. सुयोग हेमांगीच्याच हाताखाली शिकलेला. त्याच्याकडे तीस बायका कामाला.

प्रकरण लवादाकडे गेलं, तसा सुयोग तिच्या घरी आला.

"ताई, मानक ठरायच्या आधी दुसरी तितकीच चांगली रीत होती का? असेल, तर तुझ्या पेटंटचा भाव पडतो. मी वाचतो."

"होती. इरावतीची. दुसऱ्या कंपनीत होती ती."

"साक्ष देशील?"

पठ्ठ्याने मागून मागून मागितलं काय, तर तिची आयुष्यभराची कमाई! पण हेमांगीला ना राग आला ना रडू. हो म्हणाली आणि कुकर लावायला उठली.

लवादासमोर नव्या मालकाच्या वकिलाने खोचून विचारलं, "मग तुमचीच रीत का निवडली?"

"मतदान झालं. आमच्या बाजूने दोन हात जास्त वर आले."

"म्हणजे तुमच्या शोधात खास काही नव्हतं?"

"इरावतीच्या शोधात होतं, तेवढंच."

एवढं बोलून ती पाणी प्यायली. वाईट वाटायला हवं होतं, पण काहीच वाटेना. बाई नुसती बधिर झाली होती.

दोन महिन्यांनी निकाल लागला. सुयोगचा फोन आला, "ताई, वाचलो! कारखाना चालू राहतोय!"

"बरं झालं," ती म्हणाली.

तिची म्हातारी आई रत्नप्रभा जेवायला बसली होती. लेकीने शोध लावलाय, हे ती गल्लीत भाजीवाल्यालाही सांगायची.

"काय ठरलो गो तुझ्या शोधाचो भाव?"

"एका मीटरमागे चार आणे."

"चार आणे? ते कधीचेच बंद झाले मां?"

"हो," म्हणत हेमांगीने तिला भात वाढला.