भंते आमच्या घरी जेवले त्याची गोष्ट

परदेश पाहायची हौस मला रागामुळे लागली. लोकांना हे आवडत नाही. त्यांना वाटतं, मी लहानपणी कुठलं तरी चित्रांचं पुस्तक पाहिलं असेल. मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटच्या वस्तीत पुस्तकं कुठून येणार होती?

आमच्या लोकांनी नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्याला तीन-चार वर्षं झाली असतील. एका उन्हाळ्यात सिलोनचे एक भंते वस्तीत येणार, असा निरोप आला. ते सकाळी येणार होते, पण गोंदियाची गाडी रखडली आणि ते दुपार उलटून गेल्यावर पोचले. त्यांच्यासोबत आलेला नागपूरचा कार्यकर्ता त्यांना विहारात बसवून लगेच जवळच्या भरवेलीच्या मॅंगनीज खाणीतल्या कामगारांना सभेचं सांगायला निघून गेला. विहार म्हणजे टिनाची एक खोली होती.

माझी आई राइस मिलमध्ये तांदूळ पाखडायची. तिने पाखडलेला तांदूळ सगळं गाव खायचं. तोच तांदूळ तिने शिजवला की विटाळ व्हायचा. हा हिशेब ज्यांनी लावला, त्यांच्या अकलेची मला आजही कीव येत नाही, चीडच येते. त्या दिवशी तिने जपून ठेवलेला सुवासिक चिन्नोर तांदूळ काढला, वरण केलं, वांग्याची भाजी केली आणि दिवेलागणीला ताट घेऊन आम्ही दोघी विहारात गेलो.

भंते हसले. ताटावर हात आडवा धरून मोडक्या हिंदीत म्हणाले, "अभी नहीं, माताजी."

आईचा चेहरा मी विसरले नाही. तिने ताट उचललं आणि चालायला लागली. मी मागे पळत विचारलं, "माय, काहून?"

"काहून काय? समुद्रापलीकडून आला, तरी त्याले कोनं तरी सांगतलंच आमी कोन आहो ते."

त्या रात्री आमच्या घरी कोणी जेवलं नाही.

सकाळी कार्यकर्ता परतला. आई त्याच्यावर जी बरसली ती बरसलीच. तो बिचारा हात जोडून उभा. शेवटी म्हणाला, "बाई, भंते दुपारी बारानंतर जेवतच नाहीत. भिक्षूंचा नियम आहे. राजाच्या घरी असते तरी जेवले नसते."

"मंग हे आमाले आधी सांगाले काय झालतं?"

आम्हाला धम्म मिळाला होता, पण भिक्षू कधी जेवतो एवढी साधी गोष्ट कोणी सांगितली नव्हती. नाही म्हटल्याचा एकच अर्थ आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या पाठ होता.

आईने पुन्हा चूल पेटवली. विश्वास मात्र बसला नव्हता. "खाल्लं म्हंजे खरं," एवढंच ती म्हणत राहिली. दहाच्या सुमारास भंते घरी आले, सतरंजीवर बसले आणि जेवले. आई दाराची चौकट धरून त्यांच्या हाताकडे बघत होती. भात संपत आला तशी ती पुढे झाली आणि तिने आणखी वाढला. त्यांनी तोही खाल्ला. मग ती परसात गेली आणि बराच वेळ आली नाही.

मी कार्यकर्त्याला मध्ये घालून भंतेंना विचारलं, तुमच्या देशात सगळे सगळ्यांच्या घरी जेवतात का? त्यांना प्रश्नच कळेना. पुन्हा पुन्हा समजावून सांगावा लागला. हा प्रश्न न कळणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. असा माणूस जिथे तयार होतो, ती जागा आपण बघायचीच, हे तेव्हाच ठरलं.

मग मला वेडच लागलं. शाळेत भिंतीवरच्या नकाशासमोरून मी हलत नसे. भरवेलीचं मॅंगनीज रेल्वेच्या वाघिणीत भरून बंदरावर जातं आणि तिथून जहाजाने परदेशी, हे कळलं तेव्हा त्या दगडांचाही मला हेवा वाटला. भूगोलाचे गुरुजी एकदा हसत म्हणाले, "हमारे दादाजी कहते थे, समंदर पार किया तो जात गई." सगळा वर्ग हसला. मी हसले नाही. जात इतक्या स्वस्तात जात असेल, तर आमच्या लोकांना बंदराचा रस्ता कोणी का दाखवला नाही?

पुढे मी शिक्षिका झाले आणि नागपूरच्या यात्रेकरूंबरोबर रामेश्वरहून बोटीने सिलोनला गेले. नंतर आणखीही देश पाहिले, पण पहिला तो. तिथेही उच्चनीच आहे, हे तिथे गेल्यावर समजलं. स्वर्ग कुठेच नसतो. तरी एका खेड्यात पाणी मागायला थांबलो, तेव्हा एका बाईने मला घरात बोलावलं, चटई अंथरली आणि भात वाढला. तिने आडनाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. माझं ताट रिकामं होताना पाहून तिने न विचारता पुन्हा वाढलं.

मी जेवत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाईला वाटलं, कालवण तिखट झालं. मी रागाने रडत होते. एवढ्याशा गोष्टीसाठी मला समुद्र ओलांडावा लागला होता, आणि माझी माय तेव्हाही बालाघाटात, ज्यांच्या घरात तिला उंबऱ्याच्या आत घेत नव्हते, त्यांचाच तांदूळ पाखडत होती.