सल्लागारांचा पंप

होसकोट्याला आमच्या दगड कापण्याच्या कारखान्यात पंप निवडून द्यायला एक सल्लागार शहरातून, कोरमंगल्याहून, कॅबने येत. पायात पांढरेशुभ्र बूट, त्यामुळे गाळाच्या टाकीजवळ ते कधी फिरकत नसत. सल्ला मात्र ठरलेला असे, "एक साइझ मोठाच घ्या. सेफ साइडला." अशा आग्रहाने तर आमच्याकडे जिलेबीही वाढत नाहीत.

यंदा त्यांनी निवडलेला पंप तिसऱ्यांदा बंद पडला. आतलं चाक झिजून पत्र्यासारखं झालं होतं. निपाणीचे आमचे फिटर अण्णा म्हणाले, "साहेब, पंप गरजेपेक्षा मोठा आहे. म्हणून व्हॉल्व्ह अर्धा बंद ठेवावा लागतोय, आणि गाळ आतच घुसळला जातोय. लहान पंप बसवा."

"सरी, सरी," असा कानडीत होकार देत सल्लागारांनी अहवालात लिहिलं, 'फिटरने व्हॉल्व्ह चुकीचा वापरला. लहान पंपाची शिफारस करीत आहे.' खाली मेंटेनन्स इंजिनिअर म्हणून मी सही केली. अण्णांना नोटीस मिळाली.

नवा पंप अण्णांनीच बसवला. सल्लागार त्यांना लांबूनच समजावत होते, "व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवायचा असतो बरं का."

"हो साहेब," अण्णा म्हणाले. मी शेजारीच उभा होतो. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.